शब्द फिरवणं वेगळं, मागे घेणं वेगळं

कोल्हापूर जिल्ह्यात ‘शब्द दिलाय’ म्हटलं की पुढची बोलणी संपतात. जमिनीचा व्यवहार असो, सोयरीक असो की दूध संघाची निवडणूक, कागद मागून होतो, शब्द आधी. निवडणुकीत तर या शब्दाची राखण करायला माणसं नेमावी लागतात. ठरावधारकांना, म्हणजे संस्थेच्या ठरावानं मताचा हक्क मिळालेल्यांना, गाडीत घालून सहलीला नेतात. मतदानाच्या आदल्या रात्री बेलभंडारा उचलायला लावतात. कुणी अंबाबाईची शपथ घालतं, कुणी जोतिबाचा गुलाल हातात देतं. एवढ्यावरही ज्यानं शब्द फिरवला त्याचं नाव गावात पुढच्या पिढीपर्यंत चालतं. ‘ते होय, त्यांच्या आज्ज्यानं सोसायटीच्या इलेक्शनला शब्द फिरवलता,’ हे नातवाच्या सोयरिकीत ऐकायला मिळतं.

या कडकपणाबद्दल माझी तक्रार नाही. जिथं निम्मे व्यवहार तोंडी चालतात तिथं माणसाचं बोलणं हाच दस्त असतो, आणि दस्त फाडणाऱ्याला गावानं लक्षात ठेवलंच पाहिजे. तक्रार आहे ती हा कडकपणा भलत्या ठिकाणी लावण्याबद्दल. वचन आणि विधान अशा दोन निराळ्या गोष्टी आपण एकाच दावणीला बांधल्यात. ‘यंदा तुमच्या उसाला अमुक दर देतो’ हे वचन झालं. ‘शेजारच्या कारखान्यानं गेल्या हंगामात तमुक दर दिला’ हे विधान. वचन पाळायचं असतं. विधान खरं असावं लागतं, आणि खोटं निघालं तर जिथं केलं तिथंच मागे घ्यायचं असतं. पण ‘माझा आकडा चुकला’ म्हणणाऱ्यालाही आपण तीच शिवी देतो जी वचन मोडणाऱ्याला देतो: शब्दाचा पक्का नाही. मग कुठला शहाणा पुढारी आकडा दुरुस्त करील? चुकीचा आकडा सभेतून सभेत फिरत राहतो आणि दोन वर्षांनी तोच खरा होऊन बसतो.

दुरुस्तीऐवजी आपल्याकडे जे होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. सर्किट हाऊसवर पत्रकार परिषद आहे. टेबलावर बूमची, म्हणजे चॅनेलांच्या माईकची रांग, चहाचे कप, मागं कार्यकर्त्यांची दाटी. कालच्या सभेतलं बोलणं सकाळपासून मोबाईलवर फिरतंय. एक पत्रकार विचारतो, साहेब, ते वक्तव्य मागे घेणार का? उत्तर ठरलेलं. ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास केला गेला.’ पण व्हिडिओ आहे साहेब. ‘व्हिडिओ मागचं-पुढचं कापून दाखवलाय. तरीही कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो. माझ्या दृष्टीनं हा विषय संपला.’

चार वाक्यं, आणि प्रत्येक वाक्य आधीच्याला खोटं पाडतं. विपर्यास दुसऱ्यानं केला असेल तर दिलगिरी यांनी का व्यक्त करायची? व्हिडिओत मोडतोड असेल तर अख्खा व्हिडिओ दाखवा की. भावना दुखावल्या ‘असतील तर’ म्हणजे दुखावल्यात की नाही हेसुद्धा अजून ठरायचंय. आणि ज्या एका गोष्टीसाठी सगळे जमले होते, म्हणजे काल काय म्हणालो आणि त्यातलं काय चूक, तिचा पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा मात्र येतो: ‘अखेर अमुक नमले’. हा मथळा मला त्या चार वाक्यांइतकाच खोटा वाटतो. कोण नमलं? ताठ मानेनं कप खाली ठेवून गाडीत बसले ते.

इंग्रजीत या सगळ्या प्रकाराला शब्दांची ददात नाही. दिलेल्या वचनातून अंग काढून घेणं म्हणजे ‘रिनेग’. पत्त्यांच्या डावात हातात रंग असूनही दुसरं पान टाकणाऱ्याला हेच क्रियापद लावतात, म्हणजे त्यात लबाडी गृहीतच आहे. धरलेलं मत किंवा श्रद्धा चारचौघांत सोडणं म्हणजे ‘रिकॅन्ट’. हा लॅटिनमधून आलेला शब्द. त्याच्या पोटात गाणं आहे, गायलेलं उलटं गाणं. छापलेलं किंवा सांगितलेलं विधान मागे घेणं म्हणजे ‘रिट्रॅक्ट’. मागे घेतलंय असं न म्हणता हळूच पाय काढणाऱ्याला ‘बॅकपेडल’, हा सायकलवाल्यांचा शब्द. अमेरिकी राजकारण्यांचा लाडका ‘वॉक बॅक’ त्याच घरातला. आणि हट्टाच्या उंच फांदीवरून खाली उतरणं म्हणजे ब्रिटिश वर्तमानपत्रांचं ‘क्लाइम डाउन’. माझ्या मुद्द्यापुरतं यातलं एकच महत्त्वाचं: वचन मोडणाऱ्याला आणि विधान दुरुस्त करणाऱ्याला तिथं निदान नावं तरी वेगळी आहेत.

नावं वेगळी आहेत म्हणून इंग्रज माणूस हे आनंदानं करतो असं कुणी समजू नये. रोजच्या बोलण्यातले त्यांचे वाक्प्रचार आपल्याइतकेच खवचट आहेत, आणि का कोण जाणे, बरेचसे खाण्याचे आहेत. स्वतःचे शब्द खायचे. कावळा खायचा, हा अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकातला. ‘हम्बल पाय’ खायचा. या पायची गोष्ट मजेची आहे. ‘अम्बल्स’ म्हणजे हरणाचं काळीज, आतडी वगैरे आतला माल. त्याचा पाय करत. अम्बल आणि नम्र या अर्थाचा हम्बल यांचे उच्चार जवळचे, त्यातून अपमान गिळण्याला हे नाव पडलं. वजडी चवीनं खाणाऱ्या कोल्हापूरकराला यात शिक्षा नेमकी कुठली, हे समजावून सांगावं लागेल.

माघार न घेण्याचा तोरा तर त्यांनी जगाला विकला. १० ऑक्टोबर १९८०ला ब्रायटनच्या पक्ष अधिवेशनात ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर म्हणाल्या, तुम्हाला वळायचं तर वळा, ही बाई वळणारी नव्हे. बेकारी वाढत होती, त्यांच्याच पक्षातले लोक आर्थिक धोरण बदला म्हणत होते. धोरण बरोबर की चूक हा वाद वेगळा. टाळ्या पडल्या त्या न वळण्याला. यू टर्न हा शब्द आपल्या चॅनेलवाल्यांच्या तोंडी आता इतका बसलाय की तो रस्त्यावर घेतात हेच लोक विसरले, आणि जिथं येतो तिथं शिवी म्हणूनच येतो.

सारवासारवीतही इंग्रजी आपल्या पुढं आहे. १७ एप्रिल १९७३. विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घरफोडीचं वॉटरगेट प्रकरण अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या दारापर्यंत आलेलं. व्हाइट हाऊसमधल्या कुणाचा संबंध नाही असं महिनोन्‌महिने सांगणारे त्यांचे प्रवक्ते रॉन झिग्लर त्या दिवशी म्हणाले, की अध्यक्षांचं आजचं निवेदन हेच ‘ऑपरेटिव्ह’, आधीची सगळी ‘इनऑपरेटिव्ह’. खोटी नव्हे बरं का, चुकीचीही नव्हे. चालू नाहीत, इतकंच. बंद पडलेल्या मोटारपंपासारखी! आपला ‘विपर्यास’ यापुढं फारच गरीब वाटतो.

पण त्याच झिग्लरांची पुढची गोष्ट मला जास्त आवडते. दोनेक आठवड्यांनी, १ मे रोजी, त्यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ची आणि त्याच्या वुडवर्ड व बर्नस्टीन या दोन वार्ताहरांची माफी मागितली. चुकलो तेव्हा चुकलो, असं म्हणाले. ते म्हणून झाल्यावर त्यांनी पुढं तोंड उघडलं आणि शब्द आला, ‘पण...’. तेवढ्यात समोरचा एक पत्रकार म्हणाला, आता ते मागे घेऊ नका, रॉन.

दिलगिरीचं मरण या ‘पण’मध्ये असतं. आपल्याकडं तो ‘पण’ तोडणारा पत्रकार दिसत नाही. आपण साहेबांना वाक्य पुरं करू देतो.

इंग्रजीतच शब्द मागे घेण्याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला नमुनाही सापडतो. सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली आला. घोड्याच्या पायातला खुराच्या लगेच वरचा भाग म्हणजे ‘पास्टर्न’. जॉन्सन यांनी अर्थ दिला, घोड्याचा गुडघा. एका बाईंनी विचारलं, असा अर्थ कसा काय दिलात? आता हा माणूस वादात कुणाला ऐकणारा नव्हता. हस्तलिखितावर ढकलता आलं असतं, छापखान्यावर ढकलता आलं असतं. ते म्हणाले, अज्ञान, बाईसाहेब, निव्वळ अज्ञान. झालं. बाईंच्या भावना दुखावल्या असतील तर वगैरे काही नाही, कारण प्रश्न भावनांचा नव्हताच, घोड्याच्या पायाचा होता.

आपली भानगड इथंच आहे. विधान चुकलेलं असतं आणि आपण बोलतो भावनांबद्दल. धरणातल्या पाण्याचा आकडा चुकीचा सांगितला, कुणाच्या आजोबांबद्दल खोटं बोललो, कुठल्या समाजाबद्दल ऐकीव गोष्ट ठोकून दिली, तरी शेवट दुखावलेल्या भावनांवर. भावनांची माफी मागितली की तथ्य तसंच राहतं. जो ते ऐकून गेला त्याच्या डोक्यात ते खरंच आहे, फक्त काही लोक उगाच दुखावले एवढीच भर पडते.

मराठीकडं या कामासाठी काय आहे? पलटी मारली, कोलांटउडी घेतली, घूमजाव केलं, शेपूट घातलं, तोंडघशी पडला, थुंकलेलं चाटलं. एकही शब्द असा नाही की जो माणूस स्वतःबद्दल मान खाली न घालता वापरील. ‘शब्द मागे घेतो’ हे सरळ वाक्य आहे, पण ते आपण कुठं ऐकतो? एक तर विधानसभेत गोंधळ झाल्यावर. नाहीतर चौकात, गचांडी धरून: ‘शब्द मागं घे!’ वाक्य मुळात आज्ञा म्हणूनच कानावर पडतं. मग स्वतःहून ते म्हणणारा माणूस कुणाच्या तरी मुठीत असल्यासारखा वाटतो.

जैन परंपरेनं मात्र यासाठी घडवलेली भाषा आहे, आणि शिरोळ-हातकणंगले या जैन वस्तीच्या तालुक्यांतल्या माणसाला ती परकी नाही. पर्युषणानंतर क्षमा मागायची, वर्षभरात मनानं, बोलण्यानं, वागण्यानं कळत-नकळत जे झालं त्याबद्दल. दिगंबर मंडळी ‘उत्तम क्षमा’ म्हणतात, श्वेतांबरांत ‘मिच्छामि दुक्कडम्’ रुळलंय: माझं दुष्कृत मिथ्या होवो. यात जर-तर नाही. २०२५च्या जुलैत नांदणीच्या जैन मठाची महादेवी, लोकांची माधुरी हत्तीण, कोर्टाच्या आदेशानं गुजरातेत अंबानींच्या वनतारा या प्राणी केंद्राला नेली तेव्हा जिल्हा रस्त्यावर उतरला. लोकांनी अंबानींच्या जिओची सिमकार्डं दुसऱ्या कंपनीकडं पोर्ट केली. ऑगस्टमध्ये वनतारानं निवेदन काढलं, त्यात ‘मिच्छामि दुक्कडम्’ होतं. त्याच्या आधी मात्र हेही होतं, की आमचा सहभाग कायद्याला आणि कोर्टाच्या आदेशाला धरूनच होता, तरीही जैन समाजाला, कोल्हापूरच्या लोकांना त्यातून दुःख झालं असेल तर... म्हणजे जर-तर तिथंही शिरलंच. तरी त्या निवेदनाला मी सर्किट हाऊसवरच्या चार वाक्यांच्या पंगतीत बसवणार नाही, कारण त्यासोबत नांदणी परिसरात हत्तीसाठी केंद्र उभारायचा प्रस्ताव होता. बोलण्याला काम जोडलेलं होतं.

आता आकाराबद्दल. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. एप्रिल २०२४मध्ये पतंजली आयुर्वेदच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात चालू होतं. कंपनीनं सांगितलं, ६७ वर्तमानपत्रांत माफीची जाहिरात दिलीय. न्यायमूर्ती हिमा कोहली आणि अहसानुद्दीन अमानुल्ला यांच्या खंडपीठानं विचारलं, तुमच्या एरवीच्या जाहिराती असतात तेवढी मोठी आहे का ही? आणि कात्रणं मोठी करून आणू नका, मूळ आकारात दाखवा. पुढच्याच दिवशी मोठ्या आकाराची माफी छापून आली. कायद्यातली बारकी कलमं एकीकडं राहू देत. हा प्रश्न गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्यानं विचारला असता. शिवी चावडीवर दिली तर माफी घरात येऊन चालत नाही.

आपल्याकडं नेमकं हेच चालतं. आरोप पहिल्या पानावर, फोटोसकट. खुलासा आतल्या पानावर, छोट्या जाहिरातींच्या शेजारी, तीन ओळी. आणि त्या तीन ओळींतही मूळ चूक काय होती हे सांगत नाहीत, कारण सांगितलं तर लोकांना आठवेल! ‘कालच्या अंकातील वृत्तात अनवधानाने त्रुटी राहिली.’ कुठल्या वृत्तात? कसली त्रुटी? ज्यानं काल वाचलं नाही त्याला यातून काही कळत नाही, आणि ज्यानं वाचलं त्याला तर मुळीच नाही.

‘न्यूयॉर्क टाइम्स’नं १३ जानेवारी १९२०ला रॉबर्ट गोडार्ड या शास्त्रज्ञाची टर उडवली होती: पोकळीत रॉकेट चालणार कसं, शाळेत शिकवतात तेवढंही या प्राध्यापकाला येत नाही. अपोलो-११ चंद्राकडं निघालं १६ जुलै १९६९ला. १७ तारखेला टाइम्सनं दुरुस्ती छापली. आपण १९२०मध्ये काय लिहिलं होतं ते सांगितलं, रॉकेट हवेत चालतं तसं पोकळीतही चालतं हे आता पक्कं ठरल्याचं सांगितलं, आणि चुकीबद्दल खेद व्यक्त केला. गोडार्ड १९४५मध्येच वारले होते. एकोणपन्नास वर्षं उशीर म्हणजे थट्टाच, आणि टाइम्सनंही ती थोडी मिश्कीलपणेच केली असणार. पण त्या दुरुस्तीचा घाट बघा: काय म्हणालो, खरं काय, चुकलो. आपल्या तीन ओळींत हे मावत नाही असं कुणी म्हणू नये.

शब्द पुसून टाकणं म्हणजे मागे घेणं, हा आणखी एक गैरसमज. लोकसभेच्या नियम ३८०नुसार अध्यक्ष असंसदीय शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात. छापील वृत्तांतात त्या जागी फुल्या येतात आणि खाली तळटीप. आपल्या विधानसभेतही ‘तपासून काढून टाकू’ हे वाक्य रोजचं. ही सोय वृत्तांत फक्त छापला जायचा त्या काळातली. आज शब्द काढून टाकेपर्यंत तो गगनबावड्यापर्यंत पोचलेला असतो आणि काढून टाकला म्हटल्यावर जे झोपले होते तेही उठून शोधतात. पोस्ट डिलीट करणाऱ्याचं तेच. व्हॉट्सॲपवर मेसेज काढला की जागेवर ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी पाटी उरते, बाकी काही नाही. ज्यानं वाचला त्याला तो खरा होता की खोटा हे कधीच कळत नाही.

शोधनिबंधांच्या दुनियेत उलटी रीत आहे आणि ती जास्त शहाणपणाची आहे. मागे घेतलेला निबंध गायब करत नाहीत. तो जागेवर राहतो, वर ठळक अक्षरांत ‘रिट्रॅक्टेड’ असा शिक्का आणि कारण. १९९८मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात गोवर-गालगुंडाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. तो मागे घेतला गेला फेब्रुवारी २०१०मध्ये. मधल्या बारा वर्षांत कितीतरी आईबापांच्या मनात लसीची भीती बसली ती अजून पुरती निघालेली नाही. उशिरा मागे घेतलेला शब्द किती महाग पडतो याला यापेक्षा मोठं उदाहरण नको. तरी आज तो निबंध कुणी उघडला तर शिक्का आधी दिसतो, मजकूर मागून.

इथवर मी बोलणाऱ्यांना धारेवर धरलं. ऐकणारे आपण काही कमी नाही. २०१८मध्ये अरविंद केजरीवाल यांनी बदनामीच्या खटल्यांत एकामागून एक माफीची पत्रं दिली: मजिठिया, गडकरी, सिब्बल, जेटली. खटले टाळायला दिली, हे उघड होतं. पण आरोप सिद्ध करता येत नसेल तर तो मागे घ्यावा यात गैर काय? झालं काय, तर पहिल्याच माफीवर त्यांच्या पक्षाचे पंजाबचे प्रदेशाध्यक्ष भगवंत मान यांनी पद सोडलं. विरोधकांनी टर उडवली ती उडवलीच. ‘आरोप केलाच कशाला’ असं विचारणारे थोडे, ‘माफी मागितलीच कशाला’ असं विचारणारे फार. दुसऱ्या सगळ्या पक्षांनी यातून धडा घेतला असेल तर तो एवढाच: काहीही झालं तरी ‘विपर्यास’ सोडायचा नाही.

जमावाचं आणखी वाईट. ७ जून २०२३ला मोबाईलच्या स्टेटसवरून कोल्हापूर शहर पेटलं. दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावं लागलं. राज्यात ठिकठिकाणी आता एक पद्धतच पडलीय: पोराला गाठायचं, कान धरायला लावायचे, माफीचा व्हिडिओ काढायचा आणि तो पसरवायचा. याला शब्द मागे घेणं म्हणत नाहीत. स्टेटस खरोखर घाणेरडं असेल तर पोलीस आहेत, कोर्ट आहे. आता तर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचसुद्धा १८ ऑगस्ट २०२५पासून इथंच बसतं. जबरदस्तीच्या माफीची किंमत काय असते हे बघायचं तर टॉमस क्रॅन्मर यांचं बघावं. कँटरबरीचे हे आर्चबिशप मेरी राणीच्या काळात तुरुंगात पडले आणि दबावाखाली त्यांनी आपली मतं सोडल्याच्या कागदांवर एकामागून एक सह्या केल्या. तरी जाळायचं ठरलंच. २१ मार्च १५५६ला ऑक्सफर्डमध्ये, अखेरची माफी सगळ्यांसमोर वाचायची म्हणून उभं केलं, तर त्यांनी सह्या करून सोडलेलं सगळं पुन्हा धरलं, आणि ज्या उजव्या हातानं सह्या केल्या तो आगीत आधी घातला. घेणाऱ्यांच्या हाती काय लागलं? कागद.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: शब्द मागे घेणं इतकं सोपं आणि मानाचं केलं तर लोक जीभ सैल सोडतील, आधी बोलायचं, मग हसत मागे घ्यायचं. मला हा आक्षेप समजतो, पण तो ज्या दिवसांची भीती घालतो ते दिवस कधीच आलेत. जीभ सैल सुटलेलीच आहे, कारण ‘असतील तर’ म्हणायला काही पडत नाही. काय म्हणालो ते स्वतःच्या तोंडानं पुन्हा उच्चारून ‘ते खोटं होतं’ म्हणायला मात्र जीवावर येतं. ते एकदा म्हणायला लागलेला माणूस पुढच्या वेळी माईक हातात घेताना थांबतो. दुसरं, वारंवार तेच करणारा लोकांच्या लक्षात येतोच.

अवघड जागा वेगळीच आहे, आणि ती मी टाळणार नाही. काही बोलणी वचनही असतात आणि विधानही. कोल्हापूरची हद्दवाढ, म्हणजे शेजारची गावं शहरात घेणं, हेच घ्या. १९७२मध्ये महापालिका झाली, शहराची हद्द मात्र पुढं दशकानुदशकं तीच राहिली. हद्दवाढ करू म्हणालेला नेता पुढं नको म्हणाला तर त्यानं शब्द फिरवला की मत बदललं? माझ्या मते त्यानं कारण सांगितलं तर मत बदललं, नाही सांगितलं तर फिरवला. गावांचं उत्पन्न, घरफाळा, पाणी, आरक्षणं, यातलं कुठलं गणित आधी चुकलं होतं ते त्यानं मांडावं. बदलायचा हक्क त्याला आहे. आपल्याकडं बहुतेक वेळा तेवढीही तसदी नसते. सकाळी शहरातल्या बैठकीत हद्दवाढ झालीच पाहिजे आणि संध्याकाळी गावच्या पारावर एक इंचही देणार नाही. याला इंग्रजीतही नाव सापडणार नाही. यात मागे घेण्यासारखं काही नाहीच, दोन्ही शब्द एकाच वेळी पुढं चाललेले असतात.

कुणाकडून काय मागायचं? पेपरांकडून एवढंच: दुरुस्ती त्याच पानावर, मूळ चूक नीट सांगून. पत्रकारांकडून एक प्रश्न: ‘साहेब, त्यातलं नेमकं कुठलं वाक्य मागे घेताय?’ आणि उत्तर येईपर्यंत बूम उचलायचा नाही. पुढाऱ्यांकडून मला फार आशा नाही, पण त्यांच्या हाताखालची एक जागा रिकामी पडून आहे. जिल्ह्यातली प्रत्येक सोसायटी, पतसंस्था, दूध संस्था, कारखाना वर्षाला सभा घेतो आणि नोटिशीत बहुतेक विषय क्रमांक १ ठरलेला असतो: मागील सभेचे प्रोसिडिंग वाचून कायम करणे. काल काय बोललो ते तपासायची जागा सहकारानं आधीच करून ठेवलीय. पण वाचायला सुरुवात झाली न झाली तोच समोरून ‘मंजूर, मंजूर’ आणि मागून ‘नामंजूर’, आणि माईकवरून विषय क्रमांक २. यंदाच्या सभेत एखाद्या अध्यक्षानं विषय क्रमांक १ला उठून सांगावं, गेल्या वर्षी मी या माईकवरून अमुक आकडा सांगितला होता, तो चुकीचा होता, बरोबर आकडा हा, प्रोसिडिंगला लिहून घ्या. मंजूर-नामंजूरचा दंगा त्यानंतर करायला सगळे मोकळे आहेत.